समेट आईबापांचा, पोटगी मुलाची

विभक्त राहणाऱ्या नवराबायकोला पुन्हा एकत्र आणायची बैठक बसली, की त्यात एक वाक्य हमखास येते: मुलाकडे बघून जुळवून घ्या. मुलीचा मामा ते बोलतो, मुलाची आत्या बोलते, कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक जरा सौम्य शब्दांत तेच सुचवतात. मग समेट ठरतो आणि जो पहिला कागद तयार होतो, तो पुष्कळदा त्या मुलाच्याच विरोधात जाणारा असतो. आमच्यात तडजोड झाली आहे, मी नांदायला जात आहे, सबब पोटगीचे प्रकरण चालवायचे नाही आणि मागील बाकीबद्दल माझी तक्रार नाही, अशा मजकुराची पुरसिस. खाली आईची सही, वकिलाची सही, तारीख. ज्याच्याकडे बघून हे सगळे घडले, त्याच्या नावाने मंजूर झालेली महिन्याची रक्कम दोन ओळींत संपलेली असते. त्याला कुणी विचारलेले नसते. विचारण्याचे त्याचे वयही नसते.

मी समेटाच्या विरोधात नाही. भांडून वेगळी झालेली माणसे पुन्हा एका घरात सुखाने राहू लागली, तर त्यासारखे दुसरे चांगले काही नाही, आणि तशी घरे मी पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच, की मुलाची पोटगी ही समेटाची किंमत असू नये. आईवडील एकत्र राहत असतील तोवर तो हुकूम स्थगित ठेवावा, रद्द करू नये. थकलेली रक्कम माफ करण्याचा अधिकार आईला आहे असे गृहीत धरू नये. आणि 'आधी केस काढून घे, मग ये' ही अट कुणी घातली, तर मध्यस्थांनी ती मान्यच करू नये.

कायद्याचा मजकूर नीट वाचला तर तो या बाजूने बोलतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 ची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली. ढाचा तोच राहिला. पत्नी, मुले आणि आईवडील अशी वेगवेगळी माणसे त्यात हक्कदार म्हणून येतात. पत्नीच्या हक्काला त्यात अटी आहेत. पुरेशा कारणाशिवाय ती नवऱ्याबरोबर राहायला नकार देत असेल, किंवा दोघे परस्परसंमतीने वेगळे राहत असतील, तर तिला पोटगी मिळत नाही. वसुलीच्या टप्प्यावरही नवरा 'मी तिला नांदवायला तयार आहे' असे म्हणू शकतो, आणि मग तिच्या नकाराचे कारण न्यायालयाला तपासावे लागते. गावोगावच्या पोटगीच्या खटल्यांत हा बचाव ठरलेला असतो. अर्ज दाखल झाला की उत्तरादाखल हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली 'नांदायला यावे' असा दावा टाकायचा, हा त्याचाच पुढचा भाग. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असा हुकूमनामा मिळूनही पत्नी गेली नाही, तर केवळ तेवढ्यावरून तिची पोटगी जात नाही. न जाण्याचे कारण बघावे लागते.

पण हे सगळे पत्नीपुरते. मुलांच्या हक्काला यातली एकही अट चिकटलेली नाही. आई नांदते की नाही, का नांदत नाही, चूक कुणाची, हे प्रश्न मुलाच्या भाकरीच्या आड येत नाहीत. बापाकडे ऐपत आहे आणि तो मुलाला सांभाळत नाही, एवढे पुरे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 च्या कलम 20 मध्ये ही जबाबदारी बापाबरोबर आईवरही टाकली आहे. मुस्लिम बापाचीही सुटका नाही: घटस्फोटित पत्नीच्या पोटगीबद्दल 1986 च्या कायद्याने काही ठरवले असले, तरी मुलांचा कलम 125 खालचा हक्क स्वतंत्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये सांगितले.

त्याच्याही आधी, 1978 मध्ये, न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यापुढे एक प्रश्न आला होता. त्या काळी पोटगीला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती (ती 2001 च्या दुरुस्तीने गेली). बायको आणि मुले मिळून 500, की प्रत्येकाला 500 पर्यंत? निकाल असा लागला, की मर्यादा प्रत्येक हक्कदाराची वेगळी. सगळ्या कुटुंबाला मिळून एकच आकडा नाही. म्हणजे मायलेकरांचे हक्क एका गाठोड्यात बांधायचे नाहीत, ही गोष्ट या देशात जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी ठरली आहे. तरीही तडजोडीच्या कागदावर दोघांचे मिळून एकच वाक्य लिहिले जाते आणि एकाच सहीने दोघांचाही हक्क सुटतो.

समेट फसला तर जुन्या हुकुमाचे काय, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पोटगी मंजूर झालेली एक पत्नी तडजोड करून नवऱ्याकडे गेली, जमले नाही, परत आली. न्यायालयापुढे दोन वाटा होत्या. जुना हुकूम संपला असे धरायचे आणि तिला नव्याने लढायला लावायचे; किंवा तो मधल्या काळात केवळ थांबला होता असे धरायचे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निर्णयात न्यायालयाने दुसरी वाट घेतली. तिने संसार सावरण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, त्या प्रयत्नाची शिक्षा तिला होऊ नये, हा त्यामागचा विचार. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती जणी जाणार? तालुक्याच्या न्यायालयात समोरचा वकील पुरसिसवर बोट ठेवतो. तिथे 'रद्द' आणि 'परत घेतले' असे शब्द असतात, 'स्थगित' नसतो. मग त्याच शब्दांवर पुढची दोन वर्षे जातात.

नुकसान कुठे आणि कसे होते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, बाप चाकणच्या कारखान्यात कामाला आहे, आई मुलाला घेऊन कराडजवळ माहेरी राहते. हुकूम दरमहा 10,000 रुपयांचा: 6,000 तिचे, 4,000 मुलाचे. बापाने दहा महिने काही दिलेले नाही. ती वसुलीचा अर्ज करणार, तेवढ्यात दिवाळीत दोन्हीकडची माणसे बसतात. 'आता वॉरंट वगैरे काढू नकोस, बोलणी मोडतील,' असे तिचाच भाऊ सांगतो. बोलणी सहा महिने चालतात. अक्षय तृतीयेला ती नांदायला जायचे ठरते, तेव्हा बाकी सोळा महिन्यांची झालेली असते. आता कायद्याची एक अट मध्ये येते. दंडाधिकाऱ्याकडून वॉरंटने वसुली करायची, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. म्हणजे पहिले चार महिने त्या सोप्या मार्गाच्या बाहेर गेले. हक्क बुडत नाही, दिवाणी मार्गाने मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले आहे. पण 16,000 रुपये मुलाच्या वाट्याचे आणि 24,000 स्वतःचे मिळवायला दिवाणी दावा लावणारी बाई मला अजून भेटायची आहे. समेटाची बोलणी जितकी लांबतात, तितकी बाकी मागच्या बाजूने गळत जाते. ज्याला द्यायचे आहे, त्याला बोलणी लांबवण्यात फायदा आहे.

पुढे जा. पुरसिस दिली गेली, हुकूम रद्द झाला, बाकी माफ झाली. पाच महिने ती नांदली आणि आश्विनात परत आली. लोकांना काय सांगायचे, वकिलाची फी कुठून आणायची, या विचारात तीन महिने गेले. मग नवा अर्ज. 'रजनेश विरुद्ध नेहा' या नोव्हेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असा दंडक घालून दिला. तो चांगला आहे. त्याआधी कुठे हुकुमाच्या तारखेपासून, कुठे नोटीस लागल्यापासून, असा गोंधळ होता. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या त्या प्रकरणात मायलेक 2013 पासून लढत होते. पण अर्जाच्या तारखेपासून म्हणजे त्या आधीचे नाही. आमच्या कराडच्या उदाहरणात ते तीन महिने कोरडे गेले. अंतरिम पोटगी शक्यतो साठ दिवसांत ठरवावी असे कायदा म्हणतो, त्यातल्या 'शक्यतो' या शब्दाच्या जोरावर आणखी काही महिने जातात. हुकूम फक्त स्थगित असता, तर ती ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसापासून तो पुन्हा चालू झाला असता.

थकबाकीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण बैठकीत सर्वात सहज सोडली जाते ती हीच. 'मागचे सोडा' हे ऐकायला मोठ्या मनाचे वाटते. पण मागचे म्हणजे काय? त्या महिन्यांत मूल उपाशी राहिलेले नव्हते. त्याची फी भरली गेली, त्याला ताप आला तेव्हा औषध आले, चपला आल्या. तो खर्च कुणीतरी केला: आजोबांच्या पेन्शनमधून, आईने बचत गटातून उचललेल्या कर्जातून, गहाण ठेवलेल्या कानातल्यांतून. म्हणून थकबाकी माफ करणे म्हणजे बापाचे देणे माहेरावर कायमचे चढवणे. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की पोटगी न देणाऱ्याला कैद झाली तरी देणे फिटत नाही. कैद हे वसुलीचे साधन आहे, वसुली नव्हे. जे देणे तुरुंगात जाऊनही फिटत नाही, ते समेटाच्या उत्साहात एका सहीने फिटते, हे मला पटत नाही.

आणि ती सही आईने करावी का, हाही प्रश्न आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 7 प्रमाणे अज्ञानाच्या वतीने दाव्यात तडजोड करायची, तर पालकाला न्यायालयाची स्पष्ट परवानगी लागते; ती न घेता केलेली तडजोड अज्ञान व्यक्ती पुढे नाकारू शकते. एखाद्या वाड्यात नाबालिग मुलाचा दोन आण्यांचा हिस्सा असेल, तर आपण एवढी काळजी घेतो. त्याच्या दुधाच्या आणि वह्यांच्या पैशांबाबत मात्र 'आईने लिहून दिले आहे' एवढे पुरते. पोटगीचे प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे चालत असेल, तर हा दिवाणी नियम शब्दशः लागू होत नाही, हे मान्य. पण त्यामागचे तत्त्व तिथे पाळायला कोणत्याही न्यायाधीशाला मनाई नाही.

विरोधी बाजूचा सर्वात वजनदार मुद्दा विश्वासाचा आहे. हुकूम डोक्यावर टांगता ठेवून संसार कसा करायचा, असे पुरुष विचारतात, त्यांच्या आया विचारतात, आणि कधी कधी त्या बाईलाही तसेच वाटते. मन मोठे करायचे तर पूर्ण करावे, परतीचे दोर ठेवू नयेत. ही भावना खोटी नाही, आणि तिला हसून उडवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण विश्वास ठेवायचा तो दोन प्रौढ माणसांनी एकमेकांवर. त्याची जोखीमही त्यांनीच घ्यावी. आईला स्वतःच्या 6,000 रुपयांवर पाणी सोडायचे असेल, तर ती तिची निवड. मी तिला थांबवणार नाही, फक्त विचार करायला सांगेन. मुलाच्या 4,000 रुपयांवर तिने डाव लावू नये. शिवाय दोघे एका घरात राहतात तोवर स्थगित हुकूम बापाच्या खिशातून एक रुपयाही काढत नाही. जो खरोखर नांदवणार आहे, त्याला तो कागद कधी दिसणारही नाही. ज्याला तो आज बोचतो, त्याने तो का बोचतो हे स्वतःला विचारावे.

दुसरा आक्षेप असा, की उद्या क्षुल्लक भांडण झाले तरी बाई माहेरी जाईल आणि हुकूम पुन्हा चालू करील. होऊ शकते. पण चालू होईल तो अर्जानेच, बापाला नोटीस जाईल, त्याला आपली बाजू मांडता येईल. मूल त्याच्याजवळ असेल तर तो तेही दाखवील. परिस्थिती बदलली की पोटगीची रक्कम कमीजास्त करण्याची तरतूद कायद्यात आहेच.

उलट, लेखी स्थगिती न घेता नुसते एकत्र राहायला लागणे बापाच्याही हिताचे नसते. कागदावर हुकूम जिवंत असतो, रक्कम महिन्यामागून महिना चढत राहते, आणि दोन वर्षांनी पुन्हा बिनसले की कधी एकत्र होतो याचे पुरावे शोधत फिरावे लागते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा धोका जास्त आहे. तिथे 1986 च्या केंद्रीय कायद्यातल्या, ब्रॅडली दुरुस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीमुळे देय झालेला प्रत्येक हप्ता निकालाने ठरलेल्या कर्जासारखा धरला जातो, आणि न्यायाधीशालाही तो मागच्या तारखेने माफ करता येत नाही. बदल मागायचा तर अर्ज करून पुढच्यासाठीच. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात एखादे जोडपे गुपचूप पुन्हा एकत्र आले आणि न्यायालयाला कळवलेच नाही, तर त्याच घरात राहणाऱ्या बापाच्या नावावर बाकी साचत जाऊ शकते. ती पद्धत कठोर आहे. आपली पद्धत दुसऱ्या टोकाला आहे. इथे हुकूम एका सहीने विरघळतो. दोन्हीकडे मधली जागा मोकळी आहे, आणि ती जागा म्हणजे न्यायालयाने नोंदवलेली, मुदतीची, अटीची स्थगिती.

असा कागद लिहायला अवघड नाही. मुलाची रक्कम आणि आईची रक्कम वेगळ्या परिच्छेदांत असावी. पक्षकार अमुक तारखेपासून एकत्र राहत आहेत, तोवर मुलाच्या पोटगीची अंमलबजावणी स्थगित राहील, आणि मूल पुन्हा वेगळे राहू लागले तर त्या तारखेपासून मूळ हुकूम नव्या दाव्याविना लागू होईल, एवढी तीन वाक्ये पुरतात. 'प्रकरण परत घेत आहोत' हे शब्द नकोत. पहिले सहा महिने तर काहीच बदलू नये, प्रकरण पुढच्या तारखेवर ठेवावे. समेटाची शक्यता दिसली तर कामकाज तहकूब ठेवण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 9 ने दिलेलाच आहे. पगारातून कपात चालू असेल, तर ती थांबवण्याचे पत्र न्यायालयाकडून कंपनीला जावे, घरगुती बोलण्यावर नाही. थकबाकी रोख द्यायला बाप खरेच असमर्थ असेल, तर निदान मुलाचा हिस्सा त्याच्या नावे टपाल कार्यालयात किंवा बँकेत हप्त्याहप्त्याने जमा व्हावा. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर 2015 मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. पैसा घरातच राहतो, पण मुलाच्या नावावर राहतो. समेट टिकला तर कुणाचे काही गेले नाही.

मारहाणीमुळे घर सोडावे लागले असेल, तिथे मात्र मी या कागदाची चर्चाही इतक्या लवकर करणार नाही. तिथे आधी सुरक्षिततेचा प्रश्न, आणि घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याखाली मिळालेले संरक्षणाचे आणि निवाऱ्याचे आदेश समेटाच्या नावाखाली सोडायला लावणे हा सरळ अन्याय आहे.

व्यवस्थेबद्दल एक गोष्ट बोलली पाहिजे. 1989 मध्ये पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये सुरू झाली, ती माणसांनी कमी ओरखडे घेऊन बाहेर पडावे म्हणून. समुपदेशक नेमले गेले, वकिलांशिवाय बोलता येईल अशी सोय झाली. पण प्रकरण 'निकाली निघणे' हे न्यायालयाच्या दृष्टीने काम पूर्ण होणे असते, आणि समेटाची पुरसिस ही निकाली काढण्याची सर्वात जलद रीत. लोकअदालतीत तर आणखी जपून वागायला हवे, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. दिवसभरात ढीगभर प्रकरणे समोर असलेल्या मंडळाने 'मागील बाकी माफ' हे वाक्य वाचून तिथे दोन मिनिटे थांबावे, आईला बाजूला घेऊन विचारावे: ही बाकी कुणाची होती, मुलाची किती, आणि हे वाक्य तुम्हाला कुणी लिहायला सांगितले? माझ्या मते या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवल्याशिवाय अशी पुरसिस स्वीकारूच नये. उच्च न्यायालयाने तसे परिपत्रक काढायला काहीच हरकत नसावी.

हा आग्रह धरायचे आणखी एक कारण मुलाचे वय आहे. पत्नीचा हक्क ती पुन्हा लग्न करीपर्यंत किंवा परिस्थिती बदलेपर्यंत चालू शकतो. मुलाचा बहुतेक ठिकाणी अठराव्या वर्षी संपतो. अविवाहित मुलीला 1956 च्या कायद्याखाली पुढेही मागता येतो, मुलाला ती सोय नाही. बारा वर्षांच्या मुलाचा हुकूम समेटासाठी रद्द झाला, समेट चार वर्षे रडतखडत चालून मोडला, नवा अर्ज करून हुकूम मिळेपर्यंत आणखी एक वर्ष गेले, तर तो सतरा वर्षांचा असतो. हातात बारा महिने उरतात, आणि ते बारावीचे वर्ष असते. क्लासची फी त्याच वर्षी भरायची असते, आणि त्यापुढच्या जूनमध्ये डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तो जाईल, तेव्हा कायद्याच्या लेखी सज्ञान झालेला असेल.